झाडाचं मागणं

अमरसिंहानं स्कूटर एका दमात स्टँडवर चढवली आणि भाकरी थापणारा माझा हात परातीतच थांबला. आवाज स्वच्छ होता. एकच खटका, मग किल्ली काढल्याची किणकिण, मग जिन्यावर पावलं, तीही सरळ. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच की काय, माझी छाती उधळली. बोटं बधिर झाली, घशात पिठाचा गोळा अडकल्यासारखं झालं, आणि आता आपण या ओट्याशी, हाताला पीठ लागलेलं असताना मरणार, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. तव्यावरची भाकरी करपली. मी मेले नाही. अमरसिंह हातपाय धुऊन आत आला आणि नाक मुरडत म्हणाला, "लक्ष कुठं हाय तुझं?" मी म्हटलं, कुठं नाही. नवऱ्याला तोंडावर मी अहो म्हणते. मनात वीसेक वर्षं अरेतुरेच चाललंय, आणि मनातलंच खरं.

तो प्यायचा तेव्हा त्या स्टँडच्या आवाजावर माझं एक शास्त्र उभं होतं. स्टँड पहिल्या दमात लागलं तर तो नुसता पिऊन आलाय. दुसऱ्या-तिसऱ्या दमात लागलं तर भांडायला आलाय. आणि स्कूटर भिंतीला टेकवून ठेवली तर रडायला आलाय. भांडणारा अमरसिंह एकवेळ परवडला, रडणारा नको, कारण त्याला श्रोता लागायचा. त्या आवाजावर मी ठरवायची की मोनाला, आमच्या मुलीला, शेजारी अभ्यासाला पाठवायचं का, काचेचे पेले वरच्या फळीवर ठेवायचे का, की नुसतीच आमटी झाकून गप पडायचं. सकाळी उठून, केस विंचरून, शाळेत नववीला भूगोल शिकवायची. दख्खनचं पठार, सह्याद्रीतले घाट. माझा एक तास कधी चुकला नाही. स्टाफरूममध्ये म्हणायचे, हेमलताबाई म्हणजे दगड. मला ते आवडायचं. दगडाला कुणी बरं आहे का म्हणून विचारत नाही, आणि मला विचारणारी माणसं पहिल्यापासून आवडत नाहीत. त्यांना उत्तर नको असतं, वास घ्यायचा असतो.

मग २००३ साली त्यानं दारू सोडली. सुटली, म्हणायला हवं. सोडण्याइतका तो शूर नाही असं मी तेव्हा म्हणायची आणि आजही फारसं मत बदललेलं नाही. मुरगूडचे बाळासो म्हणून एक गृहस्थ, स्वतः एकेकाळी गटारात झोपलेले, त्याला उचलून इस्पितळात घेऊन गेले आणि तिथून दारू सोडलेल्यांच्या गटात. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात हे चाळीस बाप्ये बाकांवर बसतात आणि एकेक जण उठून आपण काय काय पापं केली ते सांगतो. बाकीचे टाळ्या वाजवतात. मग चहा. करून करून भागले आणि देवपूजेला लागले, ही म्हण ज्यानं केली त्यानं हा गट पाहिला असणार. त्या वर्गात अमरसिंहानं माझं मंगळसूत्र विकल्याची गोष्ट सांगितली. मोनाच्या वाढदिवसाला केक घेऊन निघाला आणि केकवर बसला, ती गोष्ट सांगितली. लोक रडले म्हणे. घरात मला त्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही, कारण मला माहीत होतं; आणि जिला माहीत आहे तिला सांगण्यात काय मजा. त्यानं दारू सोडली हे खरं आहे आणि ते सोपं नव्हतं हेही खरं आहे. पहिल्या महिन्यात चादर भिजेपर्यंत त्याला घाम यायचा, तो दात आवळून भिंतीकडं तोंड करून पडायचा, मी पाहिलंय. पण जे खरं आहे त्याचा आदर वाटलाच पाहिजे असा कुठं नियम आहे?

तर तीन वर्षं घर शांत होतं, आणि त्या शांततेतच मला हे लागलं. भाकरी करपली त्या संध्याकाळनंतर ते परत परत आलं. शाळेत प्रार्थनेला उभी असताना आलं. फळ्यावर कृष्णेचं खोरं काढताना आलं. मी खडू ठेवला, मुलांना म्हटलं पुस्तक उघडा, आणि टेबलाची कड धरून उभी राहिले. मुलांना काही कळलं नाही. मुलांना एरवीही काही कळत नाही. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली आणि पेढे वाटावेत तशा आवाजात म्हणाला, "नॉर्मल." ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं पुन्हा पट्टी काढली. नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका बाई." जणू मी ते मंडईतून पिशवी भरून घेते. तिसरा हृदयाचा मोठा डॉक्टर. त्यानं सगळं तपासलं, चष्मा काढला आणि नीट सांगितलं की तुमचं हृदय घोड्यासारखं आहे. तुम्हाला जे होतं तो भीतीचा आजार आहे. तो खरा आजार आहे, त्याला उपचार आहेत, मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जा. एका कागदावर राजारामपुरीतला पत्ता दिला. "सोबत घरातलं कुणीतरी घेऊन जा, त्यांच्याशीही बोलावं लागतं." तो हे इतक्या साधेपणानं बोलला की मला त्याचाही राग आला. एवढे दिवस मी हृदयविकारानं मरण्याची तयारी केली होती. हृदयविकाराला आमच्याकडं मान आहे. लोक फळं घेऊन येतात.

अमरसिंहाला सांगितलं तेव्हा तो रविवारच्या सभेसाठी शर्टाला इस्त्री करत होता.

"मेंदूचा डॉक्टर?" तो म्हणाला. "तुला काय झालंय?"

"भीती वाटते."

"कशाची?"

"ते कळत असतं तर डॉक्टरकडं कशाला गेले असते?"

त्यानं इस्त्री उभी केली. "अगं, आता सगळं नीट झालंय की. मी पीत हुतो तवा तुला काय झालं न्हाय, आणि आता व्हय?" मग त्यानं खरं काय ते सांगितलं, आवाज खाली आणून, कारण पलीकडं त्याची आई होती. "लोक काय म्हणतील? अमऱ्यानं दारू सोडली आणि बायको येडी झाली. गटात नवी पोरं येत्यात, माझ्याकडं बघून सोडत्यात. त्यांनी काय समजायचं?" म्हणजे माझी छाती उधळली तर त्या नव्या पोरांची दारू सुरू होणार. अठरा वर्षं मी त्याची दारू झाकली आणि आता त्याच्या शुद्धीसाठी स्वतःला झाकायचं. मी म्हटलं, तुम्ही चाळीस लोकांना सगळं सांगता, मी एका माणसाला सांगायचं नाही? तो म्हणाला, "ते येगळं. ती दारू हाय." अगदी अभिमानानं म्हणाला, एखाद्यानं माझं घराणं वेगळं आहे म्हणावं तसं. आणि त्याची आई, चिमणाबाई, जिला मी आत्ती म्हणते, पलीकडच्या खोलीतनं ओरडली, "मीठ-मोहरी उतरून टाकतो तिच्यावरनं. नजर हाय ती." झालं. निदान, उपचार, दोन्ही घरातल्या घरात.

नंतर माझं जग आखडत गेलं. आधी शाळेचा वरचा मजला सुटला, कारण जिना चढताना छाती धडधडे आणि धडधडली की तेच आलं असं वाटे. मग बस सुटली. मग एकटीनं रिक्षा. मी वैद्यकीय रजा टाकली, कारण दिलं पाठदुखी; पाठदुखीला कुणी हसत नाही. मग मंडई सुटली. भाजी आत्ती आणायची आणि उरलेल्या दिवसभर कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलायची. शेवटी मी फाटकापर्यंत जायची आणि तिथनं कळंब्याकडं जाणारा रस्ता बघून परत यायची. नकाशावर सबंध आशिया खंड पाठ असलेली बाई, आणि तिला घरासमोरचा रस्ता ओलांडता येत नाही. मी स्वतःचा जितका तिरस्कार केला तितका आयुष्यात कुणाचाही केलेला नाही, अमरसिंहाचासुद्धा नाही. एकदा मात्र दात आवळून निघाले. आत्ती झोपली होती. रिक्षात डोळे मिटून बसले, राजारामपुरीत उतरले, पत्ता सापडला. खाली शिंप्याचं दुकान, बाजूला अरुंद जिना, वर पाटी. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागनं आवाज आला, "वैनी, हिकडं कुठं?" अमरसिंहाच्या गटातला सयाजी म्हणून एक, हातात पँटचं कापड. मी म्हटलं, ब्लाउज टाकायला. खालीच आत गेले, शिंप्याला म्हटलं, ब्लाउज शिवता का. तो म्हणाला, "आम्ही फक्त जेंट्स." सयाजी हसला. घरी येईपर्यंत माझ्या पदराचा बोळा झाला होता. त्यानंतर मी एकटी कुठंही गेले नाही. मला त्या जिन्यानं वर न्यायला कुणीतरी हवं होतं, एवढंच; मोना शिकायला बाहेरगावी, आणि घरात एवढंच कुणी करत नव्हतं.

गटाचा एक नियम आहे, नाव बाहेर सांगायचं नाही. म्हणून तालमीच्या पोरांनी चौकात डिजिटल बोर्ड लावला. दहा फुटी अमरसिंह, फेटा बांधलेला, गॉगल घातलेला, खाली लाल अक्षरात 'निर्व्यसनी वाघाचा तिसरा वाढदिवस'. दारू सोडून तीन वर्षं झाली म्हणून. या गावात माणूस काहीही करू शकतो, फक्त गुपचूप करू शकत नाही. नवरात्रातल्या रविवारी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये सत्कार ठरला आणि बाळासो मुरगूडहून मला पटवायला आले. धोतर, पांढरी टोपी, गुडघ्यावर हात ठेवून बसायची सवय.

"वैनी, दोन शबुद बोला की. पेशंटच्या बायकूनं बोललं की लोकांस्नी पटतंय."

"मला बरं नाही."

"बरं न्हाई ते दिसतंय मला," म्हणाले. मी दचकले. पण त्यांना दिसलं होतं ते एवढंच की मी वाळले. "उपास लई करतासा वाटतं. पाचच मिन्टं बोला. बाईमाणूस हितं बोलाय उभी ऱ्हात न्हाई हो. माझी ऱ्हायली न्हाई. मी सुधारायच्या आदीच गेली." हे त्यांनी सरळ माझ्याकडं बघून सांगितलं. मला त्या माणसाचा तिरस्कार करायचा होता आणि तेवढ्यापुरता जमला नाही, म्हणून मी हो म्हणून बसले. दुबळेपणा दयाळूपणाच्या वेषात आला की मी फसते. आत्तीनं लगेच माझी हिरवी साडी काढून ठेवली.

रविवारी हॉल गच्च भरला होता. वर पत्रा, खाली चटया, एका अंगाला बायका. नवरात्र म्हणून पुष्कळशा अनवाणी, कुणाच्या कपाळावर मळवट, उदबत्त्यांचा धूर इतका की समोरच्या भिंतीवरचे गदा उचललेले पैलवान धुक्यात उभे. आत्तीनं माझे केस न्हाऊन झाल्यावर बांधूच दिले नव्हते. ओले बांधू नयेत म्हणे. दाराशी हलगी कडाडत होती आणि पत्र्याखाली तो आवाज फिरून फिरून डोक्यात येत होता. अमरसिंहाला फेटा बांधला. सात मीटर कापड त्या डोक्याभोवती गुंडाळताना मी पाहत होते, आणि मला वाटलं, याच डोक्याला मी किती रात्री मांडीवर घेऊन लिंबूपाणी पाजलंय, तेव्हा एक वीतभर चिंधी कुणी दिली नाही. शाल, नारळ. तो बोलला. केकची गोष्ट पुन्हा सांगितली. लोक हसले, मग रडले, कुठं काय करायचं ते सगळ्यांना पाठ होतं. मग माझं नाव घेतलं आणि माईक हातात आला.

माईक थंड होता. मी म्हटलं, "नमस्कार," आणि पत्र्याखालून माझाच आवाज माझ्यावर परत आला. तेवढं पुरलं. बोटांपासून सुरू झालं. बोटं, मनगट, मग दंड, मग जबडा. श्वास आत जाईना आणि गेलेला बाहेर येईना. गुडघे एकमेकांवर आपटू लागले. लोकांचे चेहरे लांब गेले, धूर जवळ आला, आणि मरणार, इथं, या वाघासमोर, माईक हातात असताना मरणार, एवढं एकच कळत होतं. "नको," मी माईकमध्ये म्हटलं. "नको, सोडा मला. सोडा." केस तोंडावर आले. मी ते मागं टाकायला डोकं झटकलं, पुन्हा झटकलं, आणि बायकांच्या अंगानं तालमीसमोरची धोंडुबाई ताडकन उठली.

"आई आली," ती म्हणाली. "आई आली गं."

हलगीवाल्याला एवढंच पाहिजे होतं. त्यानं चाल बदलली. जी वाजली की आमच्याकडं बायका घुमतात, ती. बायका पुढं सरकल्या, कुणी माझ्या पायांवर पाणी-कुंकू घातलं, कुणी कपाळाला कुंकवाचा हात फासला, तो डोळ्यात गेला. आत्ती सगळ्यांना ढकलत आली, लिंबू माझ्यावरनं उतरून टाकलं, मला दोन्ही दंडांना धरून खाली पाटावर बसवलं, आणि मला आठवतं की तिची पकड घट्ट होती आणि मला ती हवी होती. मी सायन्स ग्रॅज्युएट आहे. नंतर बी.एड. केलं, भूगोल शिकवायला लागले, पण पदवी सायन्सची. अंगात येणाऱ्या बायकांबद्दल स्टाफरूममध्ये सगळ्यात तिखट मीच बोलते. आणि मी तिथं पाटावर बसून घुमत होते, म्हणजे थरथरत होते, पण ते सांगायला दातावर दात थांबत नव्हता. ज्याला दोन डॉक्टरांनी नॉर्मल म्हटलं, नवऱ्यानं येड म्हटलं, त्याला या लोकांनी एका क्षणात हात जोडले. मूर्खांनो, मला मनात म्हणायचं होतं. पण त्यांच्यातला एकही जण 'तुला काय झालंय' असं म्हणत नव्हता. सगळ्यांना मी जे करत होते ते खरं वाटत होतं. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

आणि अमरसिंह माझ्या पाया पडला. फेट्यासकट. शेमला माझ्या पायावर आला.

"काय चुकलं लेकराचं?" आत्तीनं विचारलं. देवीला विचारतात तसं, हात जोडून, घोगऱ्या आवाजात. "काय पायजे बोल, आई. काय मागतीस?"

आता ही रीत सगळ्यांना माहीत असते. देवी आली की तिला मागणं विचारायचं, ती मागेल ते द्यायचं. देवी ज्या बाईत येते त्या बाईला झाड म्हणतात. देवी त्या झाडाच्या तोंडून बोलते, आणि झाडाला स्वतःचं काही म्हणणं नसतं. कुणी हिरवी साडी मागते, कुणी खणानारळाची ओटी, कुणी बोकड. माझा श्वास तेवढ्यात थोडासा सुटा झाला होता. हातपाय थरथरत होते, पण डोक्यात एका कोपऱ्यात मी जागी झाले होते, नेहमीची, कडू. मला कळलं की या घटकेला मी काहीही मागू शकते. फेटा उतरव म्हणू शकते. चौकातला बोर्ड फाड म्हणू शकते. माझं मंगळसूत्र कुठं विकलंस ते दुकान सांग, सगळ्यांसमोर, म्हणू शकते आणि तो सांगेल. मोह झाला, खोटं कशाला बोलू. त्याच्या वाकलेल्या मानेवर घामाचा ओघळ होता, आणि तो खरोखर घाबरला होता. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, मान दिसत होती. आणि मला त्या क्षणी सूड नको होता. मला तो जिना चढायचा होता.

"झाड थकलंय," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता. घसा इतका कोरडा होता की तो कुणाचाच नव्हता. "या झाडाला डॉक्टरकडं न्या."

देवीनं डॉक्टर मागितल्याचं कुणी ऐकलं नसावं.

"कंच्या डॉक्टरकडं, आई?" आत्तीनं विचारलं.

"मेंदूच्या. राजारामपुरीत. शिंप्याच्या दुकानावर."

हलगी थांबली. मागं कुणीतरी खोकलं. सयाजी मागच्या भिंतीशी उभा होता. त्याला शिंप्याचं दुकान आठवलं असेल, कारण त्यानं मान खाली घातली.

"संगं कोण जाऊ दे?"

"झाडाचा नवरा."

अमरसिंहानं डोकं वर केलं. डोळ्यांत पाणी, कपाळावर माझ्या पायाचं कुंकू. "नेतो, आई," तो म्हणाला. "उद्याच नेतो." मला आई म्हणाला. बायको म्हणून जे चार महिने मागितलं ते मिळालं नाही, आणि त्याची आई होऊन एका वाक्यात मिळालं. याला हसावं की याच्यावर थुंकावं हे मला तेव्हाही कळलं नाही. कुणीतरी कापूर लावला, ओवाळलं, आणि थोड्या वेळानं देवी गेली असं धोंडुबाईनं जाहीर केलं. मला पाणी दिलं. मग सगळ्यांनी शिरा खाल्ला.

मी लबाडी केली का? घरी आल्यावर रात्रभर तेच डोक्यात. थरथर खरी होती, मरणाची भीती खरी होती, फक्त तोंडातले शब्द मी ठरवून बोलले. अमरसिंह बाजूला झोपला होता, फेटा खुंटीला. आल्यापासून तो माझ्याशी एक शब्द वेडावाकडा बोलला नव्हता. पाणी हवं का विचारलं, लांबूनच. माझी त्याला धास्ती बसली होती. सकाळी आत्तीनं पुरण घातलं, माझी ओटी भरली, आणि आम्ही तिघं निघालो, आत्ती अनवाणी, हातात नारळाची पिशवी. जिना चढताना अमरसिंहानं माझा हात धरला. छाती धडधडली, पण वर पोचलो.

डॉक्टर पन्नाशीचा, टेबलावर गार झालेला चहा. भिंतीवर एका मोठ्या फुलाचं चित्र. असली चित्रं लावणाऱ्यांना मी लगेच ओळखते. आत्तीनं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "देवीनं धाडलंय."

"बरं केलं देवीनं," डॉक्टर म्हणाला. त्याला काहीच वाटलेलं दिसलं नाही. अमरसिंहाला चार प्रश्न विचारले, मग दोघांना बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्याकडं वळला. "कधीपासून?"

मी तयारच होते. लग्नापासून सुरुवात केली. दारू, मंगळसूत्र, पोलीस ठाणं, केक, इस्पितळ, गट, बोर्ड. छान बोलले. मला नीट, धारदार बोलता येतं, आणि इतक्या वर्षांत सगळं आतल्या आत घोटून पक्कं झालेलं. तो ऐकत राहिला, मध्ये बोलला नाही. मग म्हणाला, "हे अमरसिंहांचं झालं. तुम्हाला काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. माझ्याकडं त्याच्याबद्दल हजार वाक्यं होती. माझ्याबद्दल शोधायला लागले तर सगळीकडं तोच बसलेला. फुलाच्या चित्राकडं बघितलं, चहाच्या सायीकडं बघितलं, नाव ठेवायला काही सापडतं का म्हणून.

"मला भीती वाटते," मी शेवटी म्हटलं, आणि रडायला लागले. कुणाला बघवेल असं नाही, नाक गळेपर्यंत.

त्यानं रडू दिलं. मग सांगितलं की इतकी वर्षं तुमचं शरीर रोज संध्याकाळी पहाऱ्याला उभं राहिलं. चोर गेला, पण पहारेकऱ्याला घरी जा म्हणून कुणी सांगितलं नाही. असली उदाहरणं मी नववीच्या पोरांना देते. तरी ऐकत राहिले. वेड नाही हे, म्हणाला; बऱ्याच जणांना होतं, दारुड्यांच्या घरात तर फारच, आणि बरं होतं, पण वेळ लागतो. एक गोळी रोज, तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातील, मनानं बंद करायची नाही. दुसरी फक्त सुरुवातीचे थोडे दिवस. "ही मात्र मी सांगितल्याशिवाय वाढवायची नाही. तिची सवय लागते." मला हसू आलं. म्हटलं, सवयीचं आमच्या घराला सांगू नका डॉक्टर. तोही हसला. आणि दर आठवड्याला यायचं, बोलायला, आणि रोज फाटकाच्या थोडं पुढं चालायचं, भीती वाटली तरी, ती आपोआप उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. हे शेवटचं मला गोळीपेक्षा अवघड वाटलं.

बाहेर आले तर अमरसिंह नव्हता, खाली स्कूटरकडं गेला होता. आत्ती एकटीच बाकावर, पिशवी मांडीवर. वीस वर्षं ही बाई दिवेलागणीला छातीला हात लावून कोपऱ्यात बसते, गरम पाणी मागते, "जीव जातोय माझा" म्हणते, आणि मी स्वयंपाकघरातून मनात म्हणते, सुरू झालं नाटक. तिनं माझा चेहरा बघितला, रडलेला.

"काय म्हणाला?"

"भीतीचा आजार आहे म्हणाला. बरा होतो."

ती पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. नारळ एकमेकांवर वाजले.

"काय काय हुतंय म्हणलीस त्याला?"

मी सांगितलं. छाती, बोटं, घसा. आता मरणार असं वाटणं.

"हाता-पायास्नी मुंग्या येत्यात?"

"हो."

"आणि कुठं पळून जावं वाटतंय, खरं पाय उचलत न्हाईत?"

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके, ते थरथरत होते. मला वाटायचं ते म्हातारपणानं.

"आत्ती, कधीपासून?"

"तुझं सासरं पयल्यांदा पिऊन बांधावर पडलं, तवापास्नं," ती म्हणाली. "मोप दीस झालं. अमऱ्या पोटात हुता." मग दाराकडं बघत, इतक्या हळू की मला वाकावं लागलं, "मला बी दाखवता येतंय का गं? का देवीनं सांगावं लागतंय?"

जिन्यावर अमरसिंहाची पावलं वाजली. तो वर येऊन म्हणाला, "चला, झालं न्हवं?"

"नाही झालं," मी म्हटलं. आत्तीचा हात धरला. तो माझ्यासारखाच गार होता. दार ढकलून मी डॉक्टरला म्हटलं, अजून एक पेशंट आहे.